मोटारीचा धनी

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांतील गोष्ट. जर्मनींतील मानहाइम शहरांतून एक गृहिणी आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन पहांटेच माहेरीं जाण्यास निघाली. नवऱ्याला तिनें आगाऊ कांहीं सांगितलें नव्हतें. इतकी हकीकत कोणत्याहि घरांत घडण्यासारखी आहे. नवल होतें तें तिच्या वाहनाचें. गाडीला घोडा नव्हता. तिचा नवरा कार्ल बेंझ यानें दोन वर्षांपूर्वीं जिचें पेटंट मिळविलें होतें, तशा तीन चाकांच्या यंत्रगाडींतून बर्था बेंझ साठ मैलांहून अधिक दूर असलेल्या फोर्त्सहाइम गांवाकडे चालली होती. एवढा लांबचा प्रवास अशा गाडींतून तोंवर कोणींहि केला नव्हता.

वाटेंत इंधन संपत आलें, तेव्हां वीस्लॉख येथील औषधांच्या दुकानांतून डाग काढण्याच्या उपयोगाचें एक ज्वालाग्राही द्रव्य विकत घेऊन तिनें गाडींत भरलें. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचें आवरण झिजलें, तेथें पायमोज्याचा बंद गुंडाळला. उतारांवर ब्रेकचे ठोकळे घासून निकामी होऊं लागले, तेव्हां वाटेवरच्या एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. दिवस मावळल्यावर तिघेंहि सुखरूप पोंचलीं. चढावर गाडी ढकलावी लागली, याकरितां तिला आणखी एक गिअर पाहिजे, ही सूचनाहि या प्रवासांतूनच नवऱ्याला मिळाली असें सांगतात.

ही कथा बहुधा त्या बाईच्या धाडसाकरितां सांगितली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु मोटारीच्या लांबच्या प्रवासाचा जो पहिला दिवस, तोच मोटारीच्या घरगुती दुरुस्तीचाहि पहिला दिवस होता, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. मोटारीचा इतिहास सामान्यतः शोधकांचा आणि कारखानदारांचा म्हणून लिहिला जातो. रविवारीं दुपारीं बाह्या सरसावून, हात तेलानें काळे करून, घराच्या अंगणांत गाडीखालीं निजलेल्या माणसांचें नांव त्यांत येत नाहीं. वास्तविक गाडी विकत घेणें हा एकदांचा खर्च. ती बाळगणें हा नित्याचा खर्च. मध्यम स्थितीच्या कुटुंबाला मोटार झेंपते कीं नाहीं, याचा निर्णय या दुसऱ्या खर्चावर होतो. आणि हा खर्च किती व्हावा हें गाडी कोणाला उघडतां येते, यावर बरेंचसें अवलंबून असतें.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ती मालकाला उघडतां येत नसे. तेव्हांची मोटार ही श्रीमंतांची हौस होती, आणि श्रीमंत माणूस स्वतः हात काळे करीत नसे. त्यानें ‘शोफर’ ठेवावा अशी रीत पडली. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ बंबाची आग राखणारा असा आहे. हा शोफर गाडी हांके आणि दुरुस्तहि करी. यंत्राचें ज्ञान एकट्या त्यालाच असल्यामुळें घरांतील इतर नोकरांप्रमाणें त्याला वागवितां येईना. कोणता भाग मोडला, तो खरोखरच मोडला काय, नवा केवढ्यास पडला, हें सारें मालकानें त्याच्या तोंडून ऐकावयाचें. दुरुस्तीच्या बिलावर गॅरेजवाल्याकडून शोफरला दलाली मिळत असे, ही तक्रार त्या काळच्या अमेरिकेंत सर्रास ऐकूं येई. गाडीचे पैसे मोजणारा एक आणि तिचा धनी दुसराच, असा हा प्रकार होता.

सामान्य कुटुंबापुरता तरी हा फेरा हेन्री फोर्ड याच्या ‘मॉडेल टी’ गाडीनें मोडला. १९०८ च्या ऑक्टोबर महिन्यांत ही गाडी अमेरिकेंत विक्रीस आली, तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती. कारखान्यांतील सरकत्या जुळणीच्या पद्धतीमुळें ती उतरत जाऊन १९२५ सालीं तिचा सर्वांत साधा, दोन बैठकांचा नमुना २६० डॉलरांस मिळूं लागला. १९२७ च्या मे महिन्यांत या जातीची दीड कोटीवी गाडी बाहेर पडली. हे आंकडे पुष्कळांच्या परिचयाचे आहेत. पण स्वस्त घेतलेली वस्तु स्वस्तांत राखतां येतेच असें नाहीं. ती तशी राखतां आली याचें कारण या गाडीच्या घडणींत होतें.

या गाडींत पेट्रोलची टांकी पुढच्या बैठकीखालीं असे आणि पेट्रोल आपल्याच वजनानें एंजिनाकडे उतरे. त्यामुळें पेट्रोलला पंप नाहीं. तापलेलें पाणी आपोआप वर चढे आणि रेडिएटरमधून निवून खालीं येई. म्हणून बहुतेक गाड्यांत पाण्याला पंप नाहीं. फिरत्या चाकाच्या फटकाऱ्यानें तेल चोहोंकडे उडे. म्हणून तेलालाहि पंप नाहीं. जो भाग मुळांतच नाहीं तो बिघडणार कसा? पेट्रोल किती उरलें हें पाहावयाचें तर बैठक उचलून टांकींत काठी बुडवावयाची. तेल पाहावयाचें तर गाडीखालीं शिरून दोन तोट्या उघडावयाच्या: वरच्या तोटींतून तेल वाहिलें तर भरपूर आहे, खालच्या तोटींतूनहि वाहिलें नाहीं तर विलंब न लावतां घातलें पाहिजे. या साधेपणाचे तोटेहि होते. टांकींत पेट्रोल कमी असतां उभा चढ लागला, तर तें एंजिनापर्यंत पोंचत नसे. मग मालक गाडी उलटी फिरवून, मागल्या गिअरमध्यें, पाठमोरी चढवीत. पाहणाऱ्यांस हंसूं येई, पण गाडी माथ्यावर पोंचत असे.

गाडीबरोबर मालकाच्या हातीं एक लहानशी पुस्तिका देण्यांत येई. ती प्रश्नोत्तररूपानें लिहिलेली होती. एंजिन चालू होत नसल्यास काय पाहावें? ठोके ऐकूं आल्यास कारण काय? हिंवाळ्यांत रेडिएटरची काळजी कशी घ्यावी? अशा प्रश्नांचीं उत्तरें, घरांतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसानें समजावून सांगावीं तशीं, तींत दिलेलीं असत. फोर्डच्या बहुसंख्य गाड्या यंत्रांचा फारसा अनुभव नसलेले सामान्य लोकच चालवितात, हें त्या पुस्तिकेंत मोकळेपणानें मान्य केलेलें होतें. ज्याला कांहीं येत नाहीं त्याला शिकवितां येतें, ही त्या पुस्तिकेची भूमिका होती, आणि गाडीची घडणहि त्याच भूमिकेवर झालेली होती.

उदाहरणादाखल त्या काळचें एक नेहमींचें काम पाहावें. पेट्रोल व तेल जळून एंजिनाच्या आंत काजळीचा थर बसे. गाडीची ताकद कमी होई आणि चढावर ठोके ऐकूं येत. गॅरेजमध्यें यासाठीं मजुरी मोजावी लागे. मॉडेल टीमध्यें एंजिनाचें डोकें, म्हणजे सिलिंडरांवरचें झांकण, वेगळें काढतां येईल असें ओतलेलें होतें. मालकानें आधीं रेडिएटरचें पाणी सोडून द्यावें, वरची नळी व तारा सोडवाव्यात, पंधरा बोल्ट काढावेत आणि झांकण उचलून बाजूला ठेवावें. मग बोथट सुरीनें काजळी खरवडावी, परंतु तिचा कण सिलिंडरांत किंवा बोल्टांच्या भोंकांत पडूं देऊं नये. झांकण परत बसवितांना एकच बोल्ट पुरा न आवळतां सर्व थोडेथोडे, आळीपाळीनें आवळावे. नाहींतर झांकण एका बाजूस दबून पाणी गळूं लागतें. दोन-तीन पाने, एक पेंचकस, एक सुरी आणि मोकळी दुपार, एवढ्या सामग्रीवर हें काम होई. वाचलेली मजुरी घरांत राही. त्याहून मोठा लाभ असा कीं, ज्यानें एकदां झांकण उचलून पिस्टन खालींवर होतांना पाहिला, त्याला पुढें कोणी फसवूं शकत नसे.

अमेरिकेंतील शेतकऱ्यानें या गोष्टीचा सर्वांत अधिक फायदा घेतला. कापणीचीं यंत्रें आणि पाणी ओढण्याचीं एंजिनें दुरुस्त करण्याची संवय त्याच्या हाताला होतीच, आणि पुष्कळ वाड्यांवर लोहारकामाची भट्टीहि असे. गाडीचें मागलें चाक उचलून धरून त्यावर पट्टा चढवावा आणि तिनें लांकूड कापावें, धान्य दळावें, पाणी चढवावें, असे उद्योग त्यानें केले. सुटे भाग सर्व गाड्यांना एकसारखे आणि स्वस्त असत. ते टपालानेंहि मागवितां येत. कॅन्सस शहरीं १९०९ सालीं जॉर्ज पेपरडाइन यानें टपालानें मोटारीचें सामान विकण्याचा जो धंदा काढला, तो मुख्यतः या मालकांच्या मागणीवरच भरभराटला.

अर्थात् या चित्राला काळी बाजू होती. पुढें लावलेली मूठ फिरवून एंजिन चालू करावें लागे. ठिणगीचा दांडा आधीं मागें न ओढल्यास मूठ उलटी फिरून हाताला तडाखा बसे. मनगटाजवळील हाड मोडण्याच्या एका प्रकाराला वैद्यकांत अजूनहि शोफरच्याच नांवानें ओळखतात. अर्धवट माहितीवर ब्रेक उघडून बसणारे आणि स्वतःबरोबर दुसऱ्यांचाहि जीव धोक्यांत घालणारे लोक तेव्हांहि होते. स्वतः दुरुस्ती करण्याची हौस आणि ती करण्याची पात्रता या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें त्या पिढीनें किंमत देऊन शिकलें.

या विद्येची खरी कसोटी पुढल्या दोन संकटांत लागली. पहिलें संकट १९२९ च्या आर्थिक मंदीचें. त्या वर्षीं अमेरिकेंत मोटारी व मालमोटारी मिळून पन्नास लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. १९३२ सालीं ही संख्या चौदा लाखांच्याहि खालीं गेली. पण रस्त्यावरच्या गाड्या त्या मानानें घटल्या नाहींत. रॉबर्ट व हेलन लिंड या दांपत्यानें इंडियाना संस्थानांतील मन्सी शहराची जी पाहणी केली, तींत असें आढळून आलें कीं, लोकांनीं नव्या गाड्या घेणें बंद केलें, परंतु जुन्या सोडल्या नाहींत. पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं गाडी राखली. आणि ती राखणें शक्य झालें, कारण ती हातानें दुरुस्त होण्यासारखी होती.

दुसरें संकट महायुद्धाचें. १९४२ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील कारखान्यांनीं नागरी मोटारी बनविणें थांबविलें; टायर व पेट्रोल यांवर नियंत्रण आलें. जवळ असलेली गाडी युद्ध संपेपर्यंत टिकवावयाची, याखेरीज दुसरा मार्ग उरला नाहीं. इंग्लंडांत स्त्रियांच्या सहाय्यक दलांत हजारों तरुणी गाड्या हांकण्याचें व दुरुस्तीचें काम शिकल्या. पुढें राणी झालेली राजकन्या एलिझाबेथ १९४५ सालीं त्यांच्यांतच होती. आपल्याकडेहि पेट्रोलची टंचाई झाली, आणि मोटारींना व बसगाड्यांना कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या जोडून त्या चालविण्यांत आल्या. टोपीच्या टांचणीनें नळी मोकळी करणाऱ्या बर्था बेंझची युक्ति आतां लाखों घरांची गरज झाली होती.

युद्धानंतर या विद्येला तिचा ग्रंथकार लाभला. १९५६ सालीं इंग्लंडांतील जॉन हेन्स नांवाच्या एका शाळकरी मुलानें ‘ऑस्टिन सेव्हन’ या छोट्या गाडीचें आपल्या हातानें रूपांतर केलें, आणि तें कसें केलें याची एक पुस्तिका स्वतःच छापून काढली. अडीचशें प्रती दहा दिवसांत खपल्या. पुढें हवाई दलांत एडन येथें असतां एका मित्राच्या गाडीचें एंजिन दुरुस्त करण्याचा प्रसंग आला. कंपनीचें पुस्तक शिकलेल्या मिस्त्र्यांसाठीं लिहिलेलें असल्यामुळें त्याचा उपयोग होईना. तेव्हां दोघांनीं एंजिन भागाभागानें उकललें, प्रत्येक पायरीचें छायाचित्र घेतलें आणि तें पुन्हां जुळविलें. त्यांतून १९६६ सालीं हेन्सची पहिली दुरुस्तिपुस्तिका निघाली. पुस्तक लिहिणारानें गाडी आधीं स्वतः उकलली पाहिजे, हा त्याचा नियम होता. ज्या अडचणी वाचकाला येणार त्या लेखकाला आधीं आलेल्या असत, म्हणून तीं पुस्तकें विश्वासाचीं ठरलीं.

भारतांत ही विद्या हौसेपेक्षां निरुपायानें वाढली. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. कलकत्त्याकडची ‘अँबॅसडर’, मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी, आणि पुढें ‘पद्मिनी’ नांवानें ओळखली गेलेली, ‘फियाट’ आणि मद्रासची ‘स्टँडर्ड’, एवढ्यांतूनच निवड करावयाची, आणि तीहि नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिल्यावर. अशी मिळालेली गाडी घरांत वीस-वीस वर्षें राही. दादर, गिरगांव किंवा पुण्याच्या पेठांतून सुट्टीच्या दिवशीं बॉनेट उघडून प्लग कांचकागदानें घासणारे, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत फुंकर घालणारे, बॅटरी उतरली असतां शेजारच्या मुलांना हांक मारून गाडी ढकलवणारे गृहस्थ हें नेहमींचें दृश्य होतें. नवा भाग मिळेना तर चोर बाजारांत जुना शोधावयाचा. आळींतला मिस्त्री आणि मालक हे दोघे एकमेकांचे जाणकार असत. मालक पाना हातांत धरी, तोल सांभाळण्याचें काम मिस्त्री करी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून पद्मिनी गाड्या थेट ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपर्यंत धांवल्या. त्या गाड्या थांबल्या त्या वयोमर्यादेच्या नियमानें. दुरुस्त करणारे हात तोंवर शिल्लक होते.

मधल्या काळांत गाडीच बदलली होती. हवा दूषित होऊं नये म्हणून अमेरिकेंत १९७० सालीं कडक कायदा झाला, आणि पेट्रोलचें व ठिणगीचें नियंत्रण हळूहळू विद्युत्कणांवर चालणाऱ्या गणकयंत्राकडे गेलें. १९९६ सालापासून तेथील प्रत्येक नव्या मोटारींत स्वतःचे दोष स्वतः नोंदविणारी यंत्रणा सक्तीची झाली. यांतील लाभ नाकारणें हें कृतघ्नपणाचें होईल. आजची गाडी कमी धूर सोडते, कमी पेट्रोल पिते, पहांटेच्या थंडींतहि एका किल्लीसरशी चालू होते, आणि काजळी खरवडण्याचें काम तर नव्या पिढीला ठाऊकहि नाहीं. परंतु दोषांची ही नोंद सांकेतिक आहे; ती वाचण्याचें साधन ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं गाडी. शतकापूर्वींचा शोफर गेला, पण त्याची जागा रिकामी राहिली नाहीं.

म्हणून झगडा कायद्याच्या दारीं आला. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या मतदारांनीं २०१२ सालीं प्रचंड बहुमतानें असा कौल दिला कीं, कंपनीच्या अधिकृत दुकानदाराला मिळणारी दुरुस्तीची माहिती मालकाला व स्वतंत्र मिस्त्र्यालाहि मिळाली पाहिजे. भारतांत स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग, दोष शोधण्याचीं साधनें आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारांत मिळूं न देऊन स्वतंत्र मिस्त्र्यांचा व ग्राहकांचा मार्ग अडविला, असा त्यांच्यावर ठपका होता. हें प्रकरण पुढें अपिलांत गेलें. तथापि गाडी विकून टाकल्यावर तिच्या ज्ञानावर विकणाराची मालकी उरते काय, हा प्रश्न त्या निकालानें उघडपणें मांडला. २०२२ च्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें ‘दुरुस्तीच्या हक्का’साठीं माहितीचें एक केंद्र उघडलें, मोटारींचा समावेश त्यांतहि आहे. याउलट हेन्स यांच्या संस्थेनें २०२० सालीं नव्या गाड्यांसाठीं छापील दुरुस्तिपुस्तिका काढणें थांबविल्याचें जाहीर केलें. एकीकडे हक्क मिळत आहे आणि दुसरीकडे तो बजावण्याची संवय सुटत आहे, अशी ही विचित्र स्थिति आहे.

या इतिहासापासून मध्यम स्थितीच्या कुटुंबानें घ्यावयाचा बोध साधा आहे. ब्रेक, सुकाणूं आणि विजेच्या गाडींतील उच्च दाबाच्या तारा हीं जाणत्याचींच कामें होत. तेथें काटकसर करणें म्हणजे जीवाशीं खेळणें. परंतु टायरमधील हवा मोजणें, तेल व पाणी पाहणें, हवेची गाळणी बदलणें, बॅटरीच्या टोंकांवरचा पांढरा क्षार धुवून काढणें, हीं कामें आजहि घरच्या घरीं करतां येतात. दोषसंकेत वाचण्याचें लहानसें साधनहि आतां सामान्य किमतींत मिळतें. दुरुस्ती मिस्त्रीच करणार असला, तरी काय बिघडलें आहे हें मालकाला आधीं ठाऊक असलें, म्हणजे बिलावरची निम्मी भाषा त्याला समजते.

फोर्डच्या त्या पुस्तिकेनें यंत्र न जाणणाऱ्या माणसाला यंत्राचा धनी होण्यास शिकविलें. कारण गाडीचें झांकण त्याच्याकरितांच निघतें ठेवलेलें होतें. पुढली गाडी घेतांना तिचा रंग, वेग आणि बैठक यांची चौकशी प्रत्येक जण करतो. हिची दुरुस्तीची माहिती कोणाकोणाला मिळते, सुटे भाग कोठें मिळतात आणि बाहेरच्या मिस्त्र्याला ती उघडतां येते काय, एवढे तीन प्रश्न त्यांत वाढविले, तर विकणाऱ्यांनाहि त्यांचीं उत्तरें तयार ठेवावीं लागतील.